बीओडी ७, अमोनिया १५ : आमच्या एसटीपीचं नेमकं काय अडलंय?

चाफा (६ सप्टेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. पुण्याच्या पश्चिमेला आमची सव्वादोनशे फ्लॅटची सोसायटी आहे. एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) १२० केएलडीचा, म्हणजे दिवसाला १२० हजार लिटरचा, एमबीबीआर पद्धतीचा (टाकीत प्लास्टिकचे तुकडे, म्हणजे मीडिया, आणि त्यांवर जिवाणूंचा थर). आधी जाळी, मग कलेक्शन टँक, मीडियाच्या दोन टाक्या, गाळ बसवणारा ट्यूब सेटलर, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि शेवटी हायपो (क्लोरीनचं द्रावण). तयार झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, उरलेलं ड्रेनेजला. यंदा कमिटीत एसटीपी माझ्याकडे आलाय आणि तो नीट चालावा असं मला मनापासून वाटतं.

अडचण अशी. एप्रिलच्या रिपोर्टमध्ये बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ८ आणि अमोनिया (नायट्रोजन म्हणून) ४ होता. ऑगस्टच्या रिपोर्टमध्ये बीओडी ७, सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची मागणी) ३८, पण अमोनिया १५. पीएच ६.३. सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, पीएच सोडून. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ आहे. फ्लशच्या टाक्यांना मात्र हल्ली उग्र वास येतो आणि हायपो कितीही टाकलं तरी क्लोरीन टिकत नाही.

देखभालीच्या कंत्राटदाराचं म्हणणं, "मॅडम, बीओडी दहाच्या आत आहे म्हणजे प्लँट उत्तम चाललाय. अमोनियासाठी कल्चर (जिवाणूंची) पावडर टाकू, महिन्याला अमुक किलो." कमिटीतले काही जण म्हणतात की बीओडी पास झालाय, तर कशाला खर्च? मला दोन्ही पटत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

शंकासुर (६ सप्टेंबर, रात्री १०:१५)

अगदी प्राथमिक प्रश्न विचारतो, कारण आमच्याकडेही हेच चालतं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण ना? ती गेली तर मग अमोनिया मागे राहतोच कसा? एकाच टाकीत, एकाच हवेवर दोन्ही जायला हवेत.

टायट्रेशन (७ सप्टेंबर, सकाळी ७:०५)

शंकासुर, प्रश्न बरोबर जागी विचारलात. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टाकीत दोन वेगळ्या जातींचे जिवाणू काम करतात. पहिले सेंद्रिय पदार्थ खाणारे. साबण, तेल, अन्नाचे कण, मैला, सगळं त्यांचं खाद्य. पोषण मिळालं की काही तासांत दुप्पट होतात, थोड्याफार वाईट परिस्थितीतही तग धरतात. बीओडी उतरतो तो यांच्यामुळे. दुसरे नायट्रीकरण करणारे. लघवीतल्या युरियापासून गटारातच अमोनिया तयार होतो, त्याचं हे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रोसोमोनास पहिली पायरी चढतो, नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर दुसरी. (नायट्रोस्पायराच्या काही जाती दोन्ही पायऱ्या एकट्याने चढतात हे २०१५ मध्ये कळलं.) या मंडळींना अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून फार थोडी ऊर्जा मिळते आणि शरीर बांधायला कार्बन घेतात तो विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून. त्यामुळे त्यांची वाढ संथ. दुप्पट व्हायला साधारण दिवसभर लागतो. पहिल्या जातीची गर्दी असली, हवा कमी पडली, पीएच उतरला की आधी हेच बंद पडतात.

म्हणून बीओडी ७ आणि अमोनिया १५ हे एकाच रिपोर्टवर सुखाने नांदू शकतात. मोठमोठ्या प्लँटांतही नांदतात.

आता चाफाताई, तुमच्या कमिटीला एक हिशोब दाखवा. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. तुमच्या पाण्यात १५ आहे, म्हणजे हे पाणी ओढ्यानदीत गेल्यावर तिथल्या पाण्यातून लिटरमागे आणखी सुमारे ६९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मागणार. बीओडीने दाखवली ती मागणी फक्त ७. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते. तेवढ्यात नायट्रीकरण क्वचितच पुरतं पकड घेतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते रोखणारं रसायन मुद्दाम घालतात. तेव्हा बीओडी पास झाला म्हणून पाणी नदीला निरुपद्रवी झालं असं मुळीच नाही.

हायपो टिकत नाही तेही यामुळेच. क्लोरीन आधी अमोनियाशी भिडतो आणि क्लोरामाइन होतात. तुमचा उग्र वास बहुधा त्यांचाच. अमोनिया संपवून मोकळा क्लोरीन उरायला कागदावरच्या हिशोबाने १ भाग अमोनिया-नायट्रोजनला ७.६ भाग क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. १५ ला ११४. इतकं हायपो कुणी ओतत नाही आणि ओतूही नये.

दोन गोष्टी मोजून आणा: आल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद (येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याची), आणि जाणाऱ्या पाण्यातला नायट्रेट. पीएच ६.३ वाचून मला एक संशय आहे, पण आकड्यांशिवाय बोलणार नाही.

प्लँटवाला (७ सप्टेंबर, दुपारी १:२०)

ताई, मी पिंपरी-चिंचवडमध्ये एसटीपी चालवतो, ऑपरेटर आहे. काकांनी सांगितलं ते बरोबरच. मी आपलं टाकीपाशी उभं राहून काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) रात्री बंद करतात का विचारा. नुसतं विचारू नका, रात्री दोन वाजता जाऊन ऐका. लॉगबुकात चोवीस तास लिहिलेलं असतं. खालच्या मजल्यावाले आवाजाची तक्रार करतात, सेक्रेटरी लाइटबिलाची करतो, मग ऑपरेटर बिचारा अकरा ते पाच बंद ठेवतो. बीओडीला ते बऱ्याचदा खपून जातं. अमोनियाला नाही खपत.

दुसरं, टाकीच्या पृष्ठभागाकडे नीट बघा. सगळीकडून बारीक बुडबुडे सारखे यायला हवेत. एका कोपऱ्यात पाणी उकळल्यासारखं उसळत असेल आणि बाकी टाकी शांत असेल तर तिथल्या डिफ्यूझरचा (तळाशी बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागाचा) रबर फाटलाय, सगळी हवा तिकडूनच निघून जातेय. मीडिया एका बाजूला गोळा होऊन नुसताच तरंगत असेल तरी तेच.

तिसरं, मीडियाचे दोन-चार तुकडे जाळीने काढून हातात घ्या (हातमोजे घालून). आतल्या खोबणीत पातळ, तपकिरी, मखमली थर पाहिजे. पहिल्या टाकीत थोडा जाड, दुसऱ्या टाकीत पातळ आणि जरा लालसर तपकिरी. वास पावसाने भिजलेल्या मातीचा. थर राखाडी-काळा, बुळबुळीत आणि वास कुजक्या अंड्याचा असेल तर हवा कमी. पांढरा कोराच असेल तर काहीतरी विषारी येतंय.

चौथं, सोसायटीत फिनाइल, ॲसिड, ड्रेन-क्लीनर किती जातं? आणि फ्लशच्या ओव्हरहेड टाक्या धुताना हायपोचं पाणी कुठं सोडतात? आमच्या एका साइटवर टाक्या धुतल्या की पुढचा आठवडाभर अमोनिया चढायचा. ते पाणी थेट कलेक्शन टँकला यायचं.

आणि पावडर घेऊ नका आत्ता.

शंकासुर (७ सप्टेंबर, दुपारी ३:००)

पावडरला इतका विरोध का? जिवाणू कमी आहेत, तर जिवाणू टाकायचे. सरळ आहे.

टायट्रेशन (७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०)

कारण त्या पाकिटांतले जिवाणू बहुतेक बॅसिलस कुळातले असतात. ते बीजाणू करून कोरडे राहू शकतात म्हणून तर पाकिटात भरता येतात. त्यांचं काम सेंद्रिय पदार्थ खाण्याचं, आणि ते तुमच्या टाकीत आधीच फुकट चाललंय. नायट्रीकरण करणाऱ्यांना बीजाणू करता येत नाहीत, ते कोरड्या पावडरीत तग धरत नाहीत. टाकीत खरोखरच जीव उरला नसेल तर नायट्रीकरण चांगलं चालू असलेल्या एखाद्या प्लँटचा ताजा गाळ टँकरने आणून टाकणं हा जुना आणि खात्रीचा उपाय.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. परिस्थिती अनुकूल नसेल तर बाहेरून आणलेलेही मरणार. असेल तर पाण्याबरोबर आलेले चार जीवसुद्धा वाढतात. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा कुठलं कल्चर आणलं होतं? बाटल्यांत गटाराचं पाणी घेतलं, शेवाळ वाढू नये म्हणून बाटल्यांना खाकी कागद गुंडाळला आणि हवा सोडत राहिले. पूर्ण नायट्रीकरण व्हायला सुरुवातीला सुमारे पाच आठवडे लागले. मग वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ तसाच ठेवला, नवं पाणी भरलं. असं करत गेल्यावर तेच काम एका दिवसात आणि पुढे काही तासांत होऊ लागलं. गाळ टाकून न देता राखायचा, एवढीच त्यातली युक्ती. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होऊन आले, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. आणि लक्षात घ्या, काम पुरं झालं की नाही हे ते दोघे नायट्रीकरणावरून ठरवत होते. अमोनिया मोजायची पद्धत तेव्हाही होती, आपणच ती मधे विसरलो.

भीमाकाठ (८ सप्टेंबर, सकाळी ८:४५)

मी सोलापूरचा. तुमच्या धाग्यावर माझं काय काम असं वाटेल, पण राहवत नाही म्हणून लिहितोय.

मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं, भीमा उजनीत येते, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. तेच पाणी पुढे पंढरपूरला चंद्रभागेत सोडतात आणि आषाढीला लाखो माणसं त्यात उतरतात. उजनीच्या फुगवट्यावर हिरवी साय धरते, जलपर्णीचे ताटवे येतात. त्यांना खत कोण घालतं? पुण्यातून येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस. शेतीतलंही येतं हे कबूल, पण शहरातल्या गटारांचा वाटा झाकता येणार नाही. त्यात सायीमुळे दुपारी पाण्याचा पीएच चढतो. पीएच ७ ला अमोनियातला माशांना मारणारा मुक्त भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ ला पाच टक्के आणि ९ ला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे तुमच्याकडे पीएच ६.३ ला निरुपद्रवी दिसणारा अमोनिया आमच्याकडे पोचून माशांवर उठतो.

चाफाताई, बीओडी पास झाल्यावरही तुम्ही विचारताय याचं मला फार बरं वाटलं. कमिटीत कुणी "कशाला" म्हणालं तर हा प्रतिसाद वाचून दाखवा.

गच्चीबाग (८ सप्टेंबर, दुपारी १२:१०)

नियम काय सांगतो पण? आमच्या कंत्राटदाराने तर अमोनियाची मर्यादाच नाही असं सांगितलंय.

टायट्रेशन (८ सप्टेंबर, दुपारी २:००)

तो अर्धं खरं बोलतोय. एसटीपीच्या मानकांच्या केंद्राच्या २०१५ च्या मसुद्यात बीओडी १०, अमोनिया-नायट्रोजन ५ आणि एकूण नायट्रोजन १० अशा मर्यादा होत्या. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत पीएच, बीओडी, तरंगते घनपदार्थ आणि कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) एवढंच उरलं, नायट्रोजन गेला. बीओडीही महानगरांना २० आणि इतरांना ३० असा सैल केला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्यावर बोट ठेवून पुन्हा कडक मानकांचा आग्रह धरला. तुमच्यापुरतं उत्तर तुमच्या संमतीपत्रात आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यात जे आकडे घातले असतील ते तुम्हाला लागू. कंत्राटदाराला विचारू नका, कागद काढून वाचा.

मला स्वतःला २०१७ चा तो बदल चुकीचाच वाटतो. जे मोजायचंच नाही ते कुणी काढत नाही.

चाफा (१२ सप्टेंबर, रात्री १०:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. माहिती गोळा करून आणलीय.

ब्लोअर रात्री खरंच बंद असायचा. मंगळवारपासून चोवीस तास चालू केलाय. एका कोपऱ्यात पाणी उसळतंय हेही खरं निघालं. मीडियावर थर आहे, तपकिरीच आहे, कुजका वास नाही.

चाचण्या: कलेक्शन टँकमधल्या पाण्याची आल्कलिनिटी २१०, एकूण केजेल्डाल नायट्रोजन (सेंद्रिय आणि अमोनिया मिळून) ५०, बीओडी २००. बाहेर पडणाऱ्या पाण्याची आल्कलिनिटी ३०, नायट्रेट-नायट्रोजन २५, अमोनिया-नायट्रोजन अजून १५.

आणखी एक. ऑपरेटर म्हणाला, "उन्हाळ्यात नेहमी चांगलं चालतं, पावसाळा लागला की बिघडतं." थंडी-पावसाने जिवाणू मंदावतात असं त्याचं म्हणणं.

टायट्रेशन (१३ सप्टेंबर, सकाळी ६:५०)

वा! जो संशय होता तोच निघाला. हिशोब पायरीपायरीने मांडतो, कारण इथेच सगळं उत्तर आहे.

बीओडी खाणारे जिवाणू वाढताना स्वतःच्या शरीरासाठी थोडा नायट्रोजन घेतात, साधारण १०० बीओडीमागे ५. तुमच्या २०० मागे १०. म्हणजे ५० पैकी ४० नायट्रोजन नायट्रीकरणासाठी उरतो. नायट्रीकरणात आम्ल तयार होतं आणि ते आल्कलिनिटी खाऊन टाकतं: १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून. ४० ला २८६ हवी. तुमच्याकडे मुळात आहे २१०. त्यातली १८० खर्च होऊन ३० उरलीय. १८० भागिले ७.१४ म्हणजे २५. आणि नायट्रेट किती आलाय? २५. उरला १५, तोच तुमचा अमोनिया.

म्हणजे जिवाणू आहेत, काम करताहेत, आणि अर्ध्या वाटेत आल्कलिनिटी संपल्यामुळे पीएच ६.३ वर येऊन थांबताहेत. या परिस्थितीत जगातली कुठलीही पावडर एक मिलिग्रॅमही जास्त काढू शकली नसती. ब्लोअर सुरू केलात ते हवंच होतं, पण एकट्या हवेने १५ खाली येणार नाही.

उन्हाळ्याचं कोडं मात्र थंडीने सुटत नाही. पुण्यात ऑगस्टमध्ये सांडपाणी काही इतकं गार नसतं. उन्हाळ्यात तुम्ही टँकर घेता का? बोअरचे?

चाफा (१३ सप्टेंबर, सकाळी ९:२०)

हो! मार्च ते जून जवळजवळ निम्मं पाणी टँकरचं असतं, बोअरवेलचं. बाकी वर्षभर महापालिकेचं.

टायट्रेशन (१३ सप्टेंबर, सकाळी ११:००)

मग झालं. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मऊ असतं, पावसाचंच पाणी ते, खडकाशी त्याचा सहवास थोडा. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेलं, त्यात बायकार्बोनेट भरपूर. दोन्हींचे नमुने तपासून घ्या. महापालिकेचं ५० च्या आसपास आणि बोअरचं साडेतीनशेच्या पुढे निघेल असा माझा अंदाज. निम्मं बोअरचं म्हटलं तर आल्कलिनिटी दीडशेने वाढली. २१० च्या ठिकाणी ३६० झाली. २८६ जाऊनही सत्तरेक शिल्लक. म्हणून एप्रिलमध्ये अमोनिया ४. ज्या टँकरच्या पाण्याने गीझर आणि नळ चुन्याने भरतात, तेच तुमचा एसटीपी चालवत होतं.

एक जास्तीची गोष्ट. तुमचं तयार पाणी फ्लशला परत जातं. माणशी १३५ लिटरच्या मापात ४५ लिटर फ्लशचे धरतात, म्हणजे सांडपाण्याचा तिसरा हिस्सा आधीच आल्कलिनिटी हरवून आणि थोडा अमोनिया-नायट्रेट घेऊन पुन्हा टाकीत येतो. पुनर्वापर थांबवा असं अजिबात म्हणत नाही, पण मऊ पाणी आणि पुनर्वापर दोन्ही एकत्र आले की ही तूट जास्त जाणवते. नव्या सोसायट्यांच्या डिझाइनमध्ये याचा हिशोब मला क्वचितच दिसलाय.

हे नवं ज्ञानही नाही. १८७७ मध्ये फ्रान्सच्या श्लोझिंग आणि मुंझ यांनी नायट्रीकरण सजीवांचं काम आहे हे दाखवलं. त्यांनी नळीत वाळू भरून तीतून गटाराचं पाणी झिरपवलं. वीसेक दिवसांनी नायट्रेट दिसू लागला, क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच बंद पडला. आणि त्या वाळूत त्यांनी काय मिसळलं होतं? चुनखडीची पूड.

राइनकाठी (१३ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४०)

जर्मनीत सांडपाणी प्रक्रियेच्या क्षेत्रातच काम करते. सगळा धागा एका दमात वाचला.

इथे आमचा शत्रू थंडी. अमोनियाची मर्यादा कायद्याने लागूच होते ती टाकीतल्या पाण्याचं तापमान १२ अंश किंवा वर असताना, कारण त्याखाली हे जिवाणू फार मंदावतात. त्यामुळे गाळ जास्त दिवस राखावा लागतो, टाक्या मोठ्या बांधाव्या लागतात. तुमच्याकडे २५-३० अंश फुकट मिळतात, ही केवढी मोठी जमेची बाजू! तिचा उपयोग न करणं फार वाईट.

उपायाबद्दल: आल्कलिनिटी वाढवायला नुसता सोडा ओतण्याआधी विनायट्रीकरणाचा विचार करा. नायट्रेट झालेलं पाणी जिथे खाद्य भरपूर आहे पण मोकळा ऑक्सिजन नाही अशा टाकीत परत नेलं, तर तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून सेंद्रिय पदार्थ खातात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. १ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनमागे ३.५७ आल्कलिनिटी परत मिळते आणि २.८६ ऑक्सिजन वाचतो. म्हणजे खर्च झाल्यापैकी आल्कलिनिटी निम्मी वसूल. शिवाय भीमाकाठ म्हणतात तो नायट्रोजनही नदीत जात नाही; नाहीतर अमोनियाचा नायट्रेट करून शेवाळाला आपण तेच खत दुसऱ्या नावाने देतो.

प्लँटवाला (१३ सप्टेंबर, रात्री ९:१५)

राइनकाठीताईंनी सांगितलं ते आपल्याकडे असं जमतं: दुसऱ्या मीडिया टाकीच्या जाळीच्या पुढे एक छोटा पंप लावायचा आणि रोजच्या प्रवाहाइतकंच पाणी परत कलेक्शन टँकला सोडायचं. सेटलरच्या नंतरून घेऊ नका, सेटलरवर दुप्पट भार येईल आणि बारीक गाळ वर येईल. जाळीतूनही आता दुप्पट पाणी जाणार, ती तुंबत नाही ना बघत राहायचं. कलेक्शन टँकची हवा कमी करायची, नुसतं ढवळण्यापुरती. पूर्ण बंद केली तर गाळ बसून सडेल आणि वास सोसायटीभर जाईल. परत जाणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन जास्त असला तर फायदा कमी होतो, म्हणून हळूहळू वाढवा.

फाटलेल्या डिफ्यूझरचं आता. कंत्राटदार म्हणेल, टाकी उपसतो आणि पोरगा उतरवतो. उतरवू देऊ नका. गाळ हलला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. त्यातच खाली पडतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. मी हे बघितलंय, अजून विसरता येत नाही. नवे डिफ्यूझर पाइपाला जोडून वरून खाली सोडायचे आणि वरून ओढून घ्यायचे, अशी चौकट बनवून मिळते. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. माणसांकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख भरपाई द्यायला सांगितली. पण कायद्याच्या भीतीने नको, माणूस आहे म्हणून नको.

चाफा (१४ सप्टेंबर, सकाळी १०:००)

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. टाकीत कुणीही उतरणार नाही, हे आजच कमिटीच्या ठरावात लेखी घालते.

टायट्रेशन काका, महापालिकेचं पाणी ४८, टँकरचं ३८०. तुमच्या अंदाजाइतकंच! आता सोडा किती आणि कोणता घालायचा? आणि ब्लोअरच्या आवाजाचं काय करू? पहिल्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांना खरंच झोप येत नाही.

टायट्रेशन (१४ सप्टेंबर, दुपारी १२:४०)

शेवटी ७० शिल्लक राहावी असं धरा, म्हणजे पीएच ७ च्या खाली उतरणार नाही. पाणी परत फिरवलं नाही तर तूट: २८६ अधिक ७० वजा २१०, म्हणजे १४६. १२० घनमीटरला साडेसतरा किलो आल्कलिनिटी. सोडा ॲशने (धुण्याच्या सोड्याने) रोज साडेअठरा किलो, खायच्या सोड्याने २९ किलो.

प्लँटवाला म्हणतात तसं एकास एक परत फिरवलं तर निम्मा, म्हणजे २० नायट्रेट जाईल आणि ७१ आल्कलिनिटी परत येईल. तूट ७५ वर उतरते. सोडा ॲश रोज साडेनऊ किलो. महिन्याच्या पावडरीचा खर्च याच्याशी ताडून बघा, कमिटीला पटवायला तेवढं पुरेल.

सोडा ॲश पाण्यात पूर्ण विरघळवून पहिल्या मीडिया टाकीत थेंबथेंब सोडायचा, दिवसभर. एकदम ओतलात तर पीएच उसळेल आणि अमोनिया मुक्त होऊन याच जिवाणूंना बाधेल. चुना स्वस्त पडतो, पण गाळ वाढतो, पाइपांत खपल्या धरतात; एवढ्या प्लँटला मी सुचवणार नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्राही नको. अर्ध्याने सुरू करा. हे जिवाणू संथ आहेत, दोन-तीन आठवडे द्या. मध्ये नायट्राइट चढलेला दिसेल, पहिली जात आधी वाढते म्हणून. घाबरू नका.

विरघळलेला ऑक्सिजन दुसऱ्या टाकीत ४ च्या आसपास ठेवा. साध्या सक्रिय गाळाच्या टाकीत २ पुरतो, पण मीडियावरच्या थराच्या आत शिरायला जास्त लागतो.

प्लँटवाला (१४ सप्टेंबर, दुपारी १:३०)

ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा. रात्री पाणी कमी येतं तेव्हा वेग कमी करायचा, बंद करायचा नाही. बिल आणि आवाज दोन्ही उतरतात. खाली रबरी पॅड आणि वर आवाज दाबणारी पेटी बसवा. पेटीला हवा खेळायला जागा ठेवा, नाहीतर ब्लोअर तापेल. पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंटने घट्ट बसवलेला असतो आणि तिथूनच कंप वर चढतो. ती जागा फोडून मधे रबर घाला. आजींचा त्रास बहुतेक त्या पाइपाचाच असेल, आधी तिथे हात लावून बघा.

गच्चीबाग (१४ सप्टेंबर, संध्याकाळी ५:५०)

बागेच्या पाण्यात नायट्रेट असलेला बरा ना? झाडांना खतच मिळतं.

राइनकाठी (१४ सप्टेंबर, रात्री ८:२०)

उन्हाळ्यात, सगळं पाणी बागेत मुरत असेल तेव्हा थोडा चालेल. पावसाळ्यात बागेला पाणीच लागत नाही, सगळं ड्रेनेजला जातं. आणि जवळपास बोअर असेल तर नायट्रेट थेट भूजलात उतरतो. चाफा, सोड्यामुळे पाण्यातलं सोडियम वाढतं, तेव्हा बागेतल्या कुंड्यांकडे लक्ष ठेव. माती घट्ट व्हायला लागली तर काही दिवस साधं पाणी दे. परत फिरवण्यावर जास्त भर आणि सोड्यावर कमी, हे त्यासाठीही बरं.

चाफा (१९ ऑक्टोबर, रात्री ९:१०)

उशिरा लिहितेय, पण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं. पंप बसला, सोडा रोज नऊ किलोवर स्थिर केलाय. चौकटीवरचे नवे डिफ्यूझर वरून सोडले, कुणी उतरलं नाही. पाइपाभोवतीचं सिमेंट फोडून रबर घातलं, आजी म्हणाल्या पुष्कळ फरक आहे.

मधे नायट्राइट चढला होता, काका म्हणाले होते तसाच, आता उतरला. कालचा रिपोर्ट: पीएच ७.१, आल्कलिनिटी ६५, बीओडी ६, अमोनिया-नायट्रोजन २, नायट्रेट-नायट्रोजन १९. हायपो पूर्वीपेक्षा खूपच कमी लागतंय आणि टाक्यांचा वास गेलाय. एक प्रश्न राहिला: मार्चमध्ये टँकर सुरू होतील तेव्हा सोडा बंद करू का?

टायट्रेशन (२० ऑक्टोबर, सकाळी ६:४५)

अंदाजाने बंद करू नका. ऑपरेटरला आल्कलिनिटीचं साधं टायट्रेशन शिकवा. ब्युरेट, ठरावीक तीव्रतेचं आम्ल आणि सूचक एवढंच लागतं, दहा मिनिटांचं काम. रोज सकाळी ठरलेल्या वेळी बाहेरच्या पाण्याची मोजायची आणि लॉगबुकात लिहायची. सलग १०० च्या वर जाऊ लागली की सोडा दोन-दोन किलोने उतरवा, ७० च्या खाली आली की पुन्हा चढवा. टँकर कमी-जास्त होतील तसा आकडाच सांगेल.

प्लँटवाला (२० ऑक्टोबर, सकाळी ८:३०)

ऑपरेटरला शिकवायला मी येतो ताई, रविवारी सुट्टी असते. त्याला वही नवीन द्या, जुन्या लॉगबुकात आल्कलिनिटीचा रकानाच नसेल.

भीमाकाठ (२० ऑक्टोबर, सकाळी ९:०५)

सोलापुरातून आभार. तुमच्या शेजारच्या सोसायट्यांपर्यंतही हा धागा पोचवता येईल का?

चाफा (२० ऑक्टोबर, दुपारी १२:००)

दोन सोसायट्यांच्या कमिट्या रविवारी प्लँटवाला दादा येतील तेव्हाच येताहेत. दोन्हींचा एसटीपी एमबीबीआर, पाणी महापालिकेचंच, आणि दोघींच्या रिपोर्टमध्ये अमोनियाची चाचणीच केलेली नाही. नमुने आजच द्यायला सांगितलेत, आल्कलिनिटीसकट.